पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने बाईकवर: कोणता घाट उतरू, किती खाड्या ओलांडू?

पौडफाटा

नमस्कार मंडळी. इतके महिने या संस्थळावर नुसताच वाचनमात्र होतो. आज टंकाळा (टंकायचा कंटाळा) झटकून चर्चेचा पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

डिसेंबरात जोडून चार दिवस सुट्टी मिळाली आहे. मी आणि एक मित्र, दोन बाईक. माझी १५० सीसीची, आठ वर्षं जुनी. त्याची ३५०, नवी कोरी. ताम्हिणीतून खाली उतरायचं आणि एकदा समुद्र दिसला की सोडायचाच नाही, असा बेत आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि आंबोली घाट चढून परत कोथरूड. हजारेक किलोमीटर होतात, म्हणजे रोजचे अडीचशे. पुणे-गोवा मी एका दिवसात केलेलं आहे, त्यामुळे मला यात काही अवघड दिसत नाही. मित्राला दिसतंय. तो म्हणतो, निम्मं कर. मिसळीची पैज लागली आहे, तेव्हा जाणकारांनी निकाल द्यावा.

शिवाय १५० सीसी पुरेल का, पेट्रोलचं काय, बोटीत बाईक खरंच घेतात का, हेही सांगा.

घाटकरी

मिसळ मित्राला द्या.

पुणे-गोवा एका दिवसात होतं कारण तो रस्ता तुम्हाला ढकलत नेतो. किनाऱ्याचा रस्ता अडवत नेतो. दर थोड्या अंतरावर गाव, गावात रस्ता दोन गडग्यांच्या मधून, समोरून एसटी आली की एकाने मागे सरायचं, आणि सरणारे नेहमी आपणच. ताशी तीसच्या वर सरासरी पडली तर तुम्ही काही पाहिलंच नाही असं समजा.

घाट मात्र आधी ठरवा. कोणत्या घाटाने उतरता त्यावर किनाऱ्याचा कोणता तुकडा वाट्याला येणार हे ठरतं. ताम्हिणी उतरलं की माणगाव, तिथून म्हसळा-श्रीवर्धन. भोरवरून वरंध उतरलं की महाड. हा घाट देखणा, पण पावसाळ्यात दरडींपायी बंद ठेवतात आणि एरवीही चौकशी केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. महाबळेश्वरहून आंबेनळी म्हणजे पोलादपूर. कराड-पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली उतरलात तर चिपळूण, म्हणजे गुहागरचं दार. रत्नागिरीला आंबा घाट. देवगड-मालवणला गगनबावड्याहून करूळ, तो बंद असला तर भुईबावडा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला आंबोली.

चार दिवसांत एक घाट उतरायला, एक चढायला आणि मधला तुकडा पोटभर. माझं मत विचाराल तर ताम्हिणी खाली, कुंभार्ली वर. मालवण पुढच्या खेपेला.

कोरडा शेरा

आला, यंदाचा 'पुणे ते मालवण' धागा आला. दिवाळीचा फराळ संपला की हा उगवतोच. वाचतोय.

खाडीपल्याड

मूळचा गुहागर तालुक्यातला, पोटासाठी धायरीत. घाटकरींशी सहमत, पण खरं कारण त्यांनी सांगितलंच नाही. आमच्याकडे अंतर खाड्यांत मोजतात.

धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दाभोळ दिसतं. अंडा मशिदीचा घुमट दिसतो, होड्या दिसतात. आणि रस्त्याने जायचं म्हटलं तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. माझ्या आजीचं माहेर दाभोळचं. तिला माहेर रोज दिसायचं आणि जायला मिळायचं वर्षातून एकदा. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा गाड्या पलीकडे जायला लागल्या. आता बाईकच काय, बसही चढते. गावात अजून बरेच जण जंगलजेटीच म्हणतात.

तुमच्या वाटेवर अशा तीन बोटी आहेत. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडला ते वेसवी, ही बाणकोटची खाडी. मग दाभोळ ते धोपावे, ही वाशिष्ठीची. आणि गुहागरच्या दक्षिणेला तवसाळ ते जयगड, ही शास्त्रीची. मुरुड-जंजिऱ्याकडून आलात तर आगरदांडा-दिघी ही चौथी. पलीकडे बोट नुकतीच लागली असेल तर बसायचं बघत. सुट्टीच्या दिवशी चारचाकींची रांग असते, पण बाईकवाल्यांना फटीत घुसवतात. तेवढं एक सुख.

बोटीवर एवढं सांभाळा. चढता-उतरताना लोखंडी फळी ओली असते, तिच्यावर पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका. आत गेल्यावर गाडी बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाका, नुसत्या स्टँडवर सोडू नका. बोट धक्क्याला टेकते तेव्हा एक हिसका बसतो.

दुचाकीवरची

तीनदा एकटीने केलाय हा पट्टा, ११० सीसीच्या स्कूटरवर. त्यामुळे सीसीचा प्रश्न मिटला. उलट जड गाडी वाळूत आणि चढावाच्या अरुंद वळणावर त्रास देते. तुमच्या मित्राला आतापासून सांगून ठेवा.

वाळूवरून आठवलं. साइड स्टँड वाळूत किंवा मऊ मातीत रुततो आणि आपण चहा पीत असताना गाडी सावकाश आडवी होते. लोक दगड शोधतात. मी डिकीत एक करवंटी ठेवते. पालथी घालायची, तिच्यावर स्टँड ठेवायचा. दिवेआगरला ज्या काकूंकडे उतरते त्यांनी दिली, चार वर्षं झाली, अजून फुटलेली नाही.

बाकी सामान थोडंच न्या, पण क्लचची आणि पुढच्या ब्रेकची एकेक लिव्हर जास्तीची ठेवा. गाडी जागच्या जागी पडली तरी आधी तीच मोडते. पंक्चरचं किट घ्या. रोख पैसे घ्या, कारण खानावळीत क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि रेंज समोरच्या टेकडीवर असते. पेट्रोल म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत दिसलं की भरायचं. टाकी अर्धी आहे, पुढे बघू, हे पुण्यात.

आणि रोज रात्री गाडीवर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओता, चेनला तेल द्या. खारा वारा दिसत नाही, पण चार दिवसांत चेन तांबूस होते. खानावळवाल्यांना विचारलं तर पाणी कोणी नाही म्हणत नाही. फक्त स्वतः शेंदून घ्या.

पौडफाटा

बापरे, एका दिवसात एवढं! घाटकरी, मिसळीचं दुःख आहे पण पटतंय. गुहागरपर्यंतच करतो. खाडीपल्याड, तुमच्या आजीचं वाचून कसंसंच झालं.

एक शंका. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा भरतीत करता येत नाही असं ऐकलंय. आणि हेदवीची बामणघळ, म्हणजे खडकातली ती घळ जिथून पाणी उंच उडतं, ती भरतीतच बघायची असते. मग दोन्ही एका फेरीत कसं जमवायचं?

जुनी राजदूत

तिथी बघून निघायचं. हल्लीच्या मुलांना कोणी शिकवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. पक्ष बदलला की पुन्हा एकपासून. सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तीच ही पाऊणपट. मिनिटाचा हिशेब नव्हे, पण अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा बेताचंच.

आता तुमचं गणित. दशमीला निघा. मुक्काम श्रीवर्धन. दुसऱ्या दिवशी एकादशी, भरती सकाळी सव्वाआठला, ओहोटी दुपारी सव्वादोनला. साडेबारा-एकला हरिहरेश्वरी पोचा, प्रदक्षिणा निवांत होईल. पाणी उतरत असतानाच जा. चढायला लागलं की त्या खडकांत शिरू नका, तिथे माणसं गेलेली आहेत. तिसऱ्या रात्री गुहागर. चौथ्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाला. सकाळी हेदवी. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणही सुरू झालेलं. घळीच्या तोंडाशी मात्र उभं राहायचं नाही. लांबून बघा.

मी १९८६ मध्ये राजदूतवर गेलो तेव्हा वेसवीला तरीवाल्याने दोन फळ्या टाकून गाडी होडीत चढवली होती. सागरी महामार्ग होणार हे अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा मी कॉलेजात होतो, आता नातू आहे.

कोरडा शेरा

काका, भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं हो.

जुनी राजदूत

मिळतं ना. वेसवीच्या धक्क्यावर रेंज मिळाली की मला कळव.

दुचाकीवरची

धागा वसूल झाला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुपारीबाग

श्रीवर्धन तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे येताय, आनंदच आहे, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, घालू नका. दर शनिवार-रविवारी कोणीतरी व्हिडिओसाठी गाडी पाण्यापर्यंत नेतं, चाक रुततं, पाणी चढायला लागतं आणि मग आमची पोरं दोर घेऊन धावतात. ओढून काढली तरी त्या गाडीच्या पोटात मीठ गेलेलं असतं. शिवाय थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. वरून चाक गेलं तर खाली काय होतं ते दिसतसुद्धा नाही. खाडीपलीकडच्या वेळासच्या लोकांनी कासवांसाठी एवढं केलं, फेब्रुवारी-मार्चात पिल्लं समुद्रात जाताना बघायला सगळा महाराष्ट्र तिथे जातो. इकडे अलीकडच्या किनाऱ्यावर तीच कासवं चाकाखाली.

दुसरी, सायलेन्सर. रात्री अकराला वाडीत येऊन गाड्या रेझ करायच्या नाहीत. आमच्या आळीत म्हातारी माणसं आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. सकाळी बाग होती, संध्याकाळी नव्हती. वडिलांनी लावलेली माझी पोफळी-नारळाची झाडं अशी पडली होती की बागेतून चालताच येईना, खोडांवरून चढून जावं लागत होतं. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. या मधल्या वर्षांत घर चाललं ते दोन खोल्या पाहुण्यांना देऊन. म्हणून येऊ नका असं कधीच म्हणणार नाही. नीट या, एवढंच.

दिवेआगरहून श्रीवर्धनला येताना बोर्लीवरून आतल्या रस्त्याने येऊ नका. शेखाडी, कोंडविली, आरावी असा समुद्राकडचा घ्या. वीसेक किलोमीटर आहे. पाणी सगळा वेळ उजव्या हाताला, काही ठिकाणी रस्ता आणि समुद्र यांच्यात फक्त कठडा. दुपारी चारनंतर निघा.

जुनी राजदूत

हे शेखाडी म्हणजे तेच, १९९३ च्या मुंबई स्फोटांची स्फोटकं जिथे उतरली. इतका निवांत किनारा, आणि नाव कशासाठी लक्षात राहिलं बघा.

आणि पौडफाटा, कोथरूडला राहता ना? मग दापोलीच्या मुरुडला थांबल्याशिवाय येऊ नका. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने तुम्ही रोज डेक्कनला जाता ते धोंडो केशव कर्वे त्या गावचे. परीक्षेला बसायला म्हणून मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून तिथून परत पाठवलं. श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचं. वेळास नाना फडणविसांचं. पुण्यात ज्यांच्या नावाने पाट्या आहेत त्यातले निम्मे याच वाटांनी घाट चढून आले, तेही पायी नाहीतर घोड्यावर. आपण सेल्फ स्टार्ट मारून उलटे उतरतो.

घाटकरी

शेखाडीचा रस्ता सुंदर आहे, वाद नाही. पण सगळ्या किनाऱ्यातला उत्तम तुकडा म्हणाल तर गणपतीपुळे ते रत्नागिरी, आरे-वारे. वळण संपून वरून ते दोन किनारे एकदम दिसतात तेव्हा माणूस आपोआप ब्रेक दाबतो. गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंड आहे, केशवसुतांचं. तिथे कोणी थांबत नाही, म्हणून तिथे थांबा.

खाडीपल्याड

आरे-वारेला आता सेल्फीवाल्यांच्या गाड्या वळणावरच उभ्या असतात. मला विचाराल तर रत्नागिरीच्या खाली भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर. कशेळीला कनकादित्याचं देऊळ, कोकणात सूर्याची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मध्ये जांभ्याचा कातळ, त्यावर वाळलेलं पिवळं गवत आणि माणूस नाही. पंधरा-पंधरा मिनिटं समोरून गाडी येत नाही.

कोरडा शेरा

पुढे विजयदुर्गला जाऊन 'इथे हेलियमचा शोध लागला' ही पाटीही वाचून या. त्या शोधाचं श्रेय ज्या दोघांना देतात त्यांतला जान्सेन १८६८ च्या त्या सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. किल्ला तसाही बघण्यासारखा आहे, त्याला हेलियमची गरज नाही.

घाटकरी

शेरा पहिल्यांदाच कामाचं काहीतरी बोलले!

पौडफाटा

ठरलं. दशमीला पहाटे निघतोय. मित्राला करवंटी दाखवली, तो हसला. आल्यावर लिहितोच.

पौडफाटा (अठरा दिवसांनी)

आलो. हातपाय शाबूत आहेत. गाडीची एक लिव्हर सोडून.

साडेपाचला निघायचं ठरलं होतं, भूगावात पोचेपर्यंत पावणेसात. मित्राने हातमोजे घरी विसरल्याचं पिरंगुटला सांगितलं. मुळशीचं पाणी संपून ताम्हिणीत शिरलो तेव्हा बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबतोय की नाही ते कळत नव्हतं. एका टपरीपाशी थांबलो. बाई चूल पेटवतच होत्या, म्हणाल्या आधी शेका, चहा मग. त्यांनी मित्राला दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या दिल्या, हातात घालायला. पुढचा सगळा घाट तो त्या पिशव्या घालून उतरला. विळ्याला आलो आणि एकदम हवा बदलली. वीस मिनिटांत जॅकेट काढावं लागलं.

माणगावला महामार्ग ओलांडून मोर्बा, साई, म्हसळा. दिवेआगरला जेवण आणि मोदक. घाटकरी, तुमचं ताशी तीस अगदी बरोबर. आमचं सत्तावीस पडलं.

शेखाडीच्या रस्त्याला सुपारीबाग यांनी सांगितल्याप्रमाणे चारला लागलो. त्याचं वर्णन करत नाही. बोलायचं नाही असं न ठरवता आम्ही दोघंही गप्प होतो आणि अंतर ठेवून चालवत होतो. मध्ये एका ठिकाणी थांबलो तर कठड्याखाली एक आजोबा गळ टाकून बसले होते. मित्राने विचारलं, काय मिळालं? त्यांनी बादली तिरकी करून दाखवली. रिकामी होती. हसले नाहीत, पुन्हा गळाकडे वळले.

एकादशीला काकांची पाऊणपट लावून एकला हरिहरेश्वरी होतो. पायऱ्या उतरून खाली गेलो तर खडक उघडे, सगळीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, काहींत अजून पाणी. अर्ध्या पाऊण तासात प्रदक्षिणा झाली. वर येऊन बघितलं तर एक कुटुंब चारच्या सुमारास उतरायच्या बेतात होतं. त्यांना सांगितलं, आत्ता जा नाहीतर उद्या जा. आजवर मी कोणाला भरती-ओहोटी समजावून सांगेन असं वाटलं नव्हतं.

बागमांडल्याला बोट समोरूनच निघून गेली. थांबलो. खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत, त्यांच्याकडे बघत वडापाव खाल्ला. म्हणजे मी खाल्ला. मित्राच्या आईचा सकाळीच फोन आला होता, आज एकादशी आहे. तो केळी खात होता. आणि काका, रेंज होती! एक दांडी.

संध्याकाळी हर्णैला पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव संपत आला होता. बंदरावर सुरमई, पापलेट, बांगड्यांच्या टोपल्या, समोर सुवर्णदुर्ग, आणि मित्र साबुदाण्याची खिचडी कुठे मिळेल ते विचारत फिरतोय. ज्या मावशींना विचारलं त्या कोयता खाली ठेवून हसत बसल्या. शेवटी आंजर्ल्याला जिथे उतरलो होतो त्यांनी घरात करून दिली. मला सुरमई वाढली, त्याच्याच समोर. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

द्वादशीला कर्व्यांच्या मुरुडात तासभर. मग दाभोळ. इथेच घोळ झाला. बोट मिळाली तीनला. पाऊणपट लावा: द्वादशीची भरती नऊला, म्हणजे तीनला पूर्ण ओहोटी. भरतीत धक्क्याचा उतार पाण्याखाली असतो आणि बोट वर कोरड्या भागाला लागते. ओहोटीत ती खाली लागते आणि एरवी पाण्यात असलेला तो सगळा उतार उघडा पडतो. हिरवागार, शेवाळलेला. मित्र पुढे होता, तो सरळ वर गेला. मी बघत होतो दुसरीकडे, अंडा मशिदीचा घुमट लांब जाताना कसा दिसतो ते. खाडीपल्याड, तुमच्या आजीचं डोक्यात होतं. पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला, मीही मारला, पुढचा. गाडी अशी आडवी झाली की मला खाली ठेवून निघून गेली असं वाटलं. वेग शून्य. लागलं काही नाही, पँट हिरवी झाली. दोन खलाशांनी गाडी उचलली आणि एक म्हणाला, "दादा, रोज एक तरी पडतो." क्लचची लिव्हर मधोमध मोडली होती.

दुचाकीवरची, तुमच्या पाया पडायला हवं. जास्तीची लिव्हर होती. पाना मात्र नव्हता. तो वर चहाच्या टपरीवाल्याकडे मिळाला. वीस मिनिटांत बसवली.

त्रयोदशीला हेदवी. साडेनऊला दशभुजा गणेशाचं दर्शन घेऊन खाली किनाऱ्यावर गेलो. आधी दहा मिनिटं काहीच नाही, नुसतं डबक्यात पाणी हलल्यासारखं. मित्र म्हणाला, काकांचं गणित चुकलं. तेवढ्यात घळीतून आधी आवाज आला, कोणीतरी कोठीचं दार लोटल्यासारखा, आणि मग पाणी माणसाच्या चार-पाच पट उंच गेलं. वाऱ्याने त्याचे थेंब आमच्यापर्यंत आले, चष्म्यावर मीठ वाळलं. पुढच्या प्रत्येक लाटेला नाही उडत. मोजलं तर सातव्या-आठव्या लाटेला.

मग चिपळूण, कुंभार्ली, पाटण, कराड. कुंभार्ली चढताना मागे वळून बघायला थांबलो होतो, पण धुरकट होतं, काही दिसलं नाही. कराड ते पुणे महामार्ग म्हणजे शिक्षा. रात्री नऊला घरी.

सुपारीबाग

छान लिहिलंय. पुळणीवर गाडी घातली नाहीत ना?

पौडफाटा

नाही हो. पार्किंगच्या मातीतसुद्धा करवंटीवर उभी केली. मित्राची ३५० दिवेआगरला आडवी झाली, तेव्हापासून तो हसायचा थांबला.

खाडीपल्याड

धोपाव्याच्या त्या उतारावर मी स्वतः दोनदा पडलोय. आधी सांगायला हवं होतं. ओहोटीत उतरताना उजवी कड धरायची, तिथे चाकांनी शेवाळ घासून गेलेलं असतं. आणि आजीला तुमचं वाचून दाखवलं. तिने विचारलं, मुलाला लागलं नाही ना.

दुचाकीवरची

पाना! पाना लिहायचा राहिला माझ्याकडून. लिव्हर सुचली आणि पाना नाही, काय म्हणावं. चेन धुतलीत का?

पौडफाटा

तिसऱ्या दिवशी विसरलो. आता करकरतेय. आजींना नमस्कार सांगा, मुलगा ठणठणीत आहे.

मिसळ मित्राने खाल्ली, दोन पाव जास्तीचे मागवून. मार्चात आंबा घाट उतरून रत्नागिरी ते जैतापूर करायचं म्हणतोय, तो पूर्णगड-कशेळीचा रस्ता. काका, कोणती तिथी धरू?

जुनी राजदूत

त्या वाटेवर सगळे पूल आहेत, बोट नाही. कोणतीही धरा. फक्त एकादशी टाळा.